टांगा कोणी हाकायचा?

संस्था काढण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसे कोणाला हार जाणार नाही. जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एक फेरफटका मारावा, पाट्या वाचता वाचता रस्ता संपतो. वाचनालये, वसतिगृहे, महिला मंडळे, पतपेढ्या, गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था, ज्येष्ठांचे कट्टे. प्रत्येकीची एक छापील घटना असते आणि बहुतेक घटनांच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर एक कलम असते : जात, धर्म, पंथ, भाषा असा कोणताही भेद न करता सभासदत्व सर्वांना खुले राहील. हे कलम लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही. ते पुन्हा उघडून वाचण्याची वेळ मात्र क्वचित येते. एखादा सभासद उभा राहून म्हणतो, ‘मला इथे वेगळे वागवले गेले,’ त्या दिवशी ती येते.

त्या दिवशी संस्थेत काय घडते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

पहिली गोष्ट घडते ती अशी, की बोलणाऱ्याला नाव मिळते : तक्रारखोर. तक्रार करणाऱ्यासाठी आपल्या भाषेत असा नेमका शब्द आहे. ज्याच्या वागण्यामुळे तक्रार करावी लागली त्याच्यासाठी इतका चटकन तोंडात येणारा शब्द नाही. मग धावपळ सुरू होते, पण ती झाल्या प्रकाराचा छडा लावण्यासाठी नव्हे, तर ‘प्रकरण मिटवण्यासाठी’. चार समजूतदार माणसे पुढे होतात, चहा होतो, दोन्ही बाजूंचा मान राखणारी तडजोड निघते आणि सगळे सुटलो म्हणतात. तडजोड ही वाईट गोष्ट नव्हे. संसार आणि संस्था दोन्ही तिच्यावरच चालतात. पण काही तडजोडींची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे राहून जाते. याचे सर्वांत बोलके उदाहरण दुसरीकडे कुठे शोधायला नको. ते आपल्याच खानदेशात घडलेले आहे.

चाळीसगावचे स्टेशन, १९२९

लळिंगच्या किल्ल्याजवळचा लांडोर बंगला धुळेकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा त्यांचा मुक्काम तेथे होता आणि त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे माणसांचा मेळा जमतो. त्याच्या आठ वर्षे आधीची चाळीसगावची हकीकत मात्र घराघरांतून सांगितली जाताना मी फारशी ऐकलेली नाही. ती सांगायला हवी.

मुंबई सरकारने नोव्हेंबर १९२८मध्ये एक समिती नेमली. अस्पृश्य मानलेल्या जातींची आणि आदिवासी जमातींची स्थिती पाहून उपाय सुचवणे हे तिचे काम. ओ. एच. बी. स्टार्ट हे अधिकारी तिचे अध्यक्ष, म्हणून तिला स्टार्ट समिती म्हणत. आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी, ठक्कर बाप्पा हे तिच्या सभासदांपैकी होते. इलाखाभर हिंडून अन्यायाच्या आणि जुलमाच्या तक्रारी जाग्यावर ऐकायच्या, अशी कामाची पद्धत. सभासदांनी प्रदेश वाटून घेतले, त्यात खानदेशचे दोन जिल्हे आंबेडकर आणि आणखी एका सभासदाकडे आले. पूर्व खानदेश म्हणजे आजचे जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे आणि पुढे त्यातून निघालेला नंदुरबार.

काम आटोपून मुंबईला परतताना आंबेडकर चाळीसगावला उतरले. धुळ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करायची होती. चाळीसगावच्या दलित मंडळींनी स्टेशनवरच आग्रह धरला, की परतताना एक रात्र आमच्याकडे काढा. त्यांनी मान्य केले, त्या गावी जाऊन माहिती घेतली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परत आले. मंडळी स्वागताला हजर होती. हार घातले गेले. वस्ती स्टेशनापासून दोन मैलांवर, मध्ये नदी आणि नदीवर फरशी. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. तरीही पाहुण्यांना कोणी हलू देईना. तासभर गेला. मग एक टांगा फलाटाजवळ आणला गेला, आंबेडकर आत बसले, बाकीची मंडळी आडवाटेने पायी पुढे गेली.

दोनशे पावले जाते न जाते तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पोलिसाने ओरडून मोटार थांबवली म्हणून निभावले. रोज भाडे मारणारा टांगेवाला इतका अडाणी कसा, याचे आंबेडकरांना नवल वाटले. पुढे फरशी आली. तिला कठडा नव्हता, फक्त काही अंतराने बसवलेले दगड होते. रस्त्यावरून फरशीवर येताना एकदम काटकोनात वळावे लागे. तिथे घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले, आंबेडकर फरशीच्या दगडांवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. ते बेशुद्ध झाले. पायाचे हाड मोडले. पुढे कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता येत नव्हते.

चौकशी केल्यावर खरा प्रकार समजला. अस्पृश्य उतारू बसवून टांगा हाकणे हे एकाही टांगेवाल्याला आपल्या इभ्रतीला शोभणारे वाटत नव्हते. उलट, आपल्या पाहुण्याने दोन मैल पायी चालत यावे हे वस्तीतल्या लोकांना पाहुण्याच्या इभ्रतीला शोभणारे वाटत नव्हते. तासाभराच्या घासाघिशीनंतर तोड निघाली ती अशी : टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र नाही. हाकणारा वस्तीतल्या लोकांनी आपला आणायचा. त्यांच्यापैकी कोणाचाच तो धंदा नव्हता. एकाने धीर करून लगाम हाती घेतला आणि वाटेत त्याचा धीर सुटला.

आंबेडकरांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्या आठवणी त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९०मध्ये पुस्तिका म्हणून काढल्या आणि पुढे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्यांचा समावेश झाला. वाचताना एक गोष्ट मनात राहते. आंबेडकर टांगेवाल्याच्या अहंकारावर बोट ठेवतातच, पण आपल्या माणसांनाही ते सोडत नाहीत. माझा मान राखण्याच्या नादात यांनी माझा जीव धोक्यात घातला, हे ते स्पष्ट लिहितात.

कोणाचे काय गेले?

त्या तडजोडीचा हिशेब मांडून पाहा. टांगेवाल्याची इभ्रत शाबूत राहिली आणि वर भाडेही मिळाले. यजमानांच्या मनासारखा पाहुण्यांचा मान राहिला. स्टेशनवर भांडण नाही, पोलीस नाही, बोभाटा नाही. पाय मोडला तो एकाचाच, आणि या तासाभराच्या बोलण्यात ज्याला कोणी काही विचारलेच नव्हते असा तो एकटाच होता. आपण का थांबलो आहोत, हेसुद्धा त्याला सांगितले गेले नव्हते. हा माणूस कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर होता, मुंबई विधिमंडळाचा सभासद होता, आणि खानदेशात आला होता तोच मुळी भेदभावाच्या तक्रारी तपासायला, सरकारी नेमणुकीने. ज्याच्याकडे तक्रारी घेऊन यायचे त्याची ही गत, तर तक्रार करणाऱ्याची काय होत असेल?

याचे उत्तर त्या समितीच्याच अहवालात सापडते. मार्च १९३०च्या त्या अहवालात रस्ते-विहिरी सर्वांना खुल्या करण्याचे उपाय सुचवले आहेत आणि लगेच कबुलीही दिली आहे, की हे हक्क वापरणे दलितांना फार काळ अवघड जाईल. कारणे दोन. एक मारहाणीची धास्ती, पण पोलिसांच्या भयाने तिला थोडा तरी आळा बसतो. दुसरे कारण जास्त पोचलेले आहे. गावातले दलित कुणाची तरी जमीन कसतात, कुणाच्या तरी शेतात राबतात, बलुत्याच्या धान्यावर जगतात. हक्क बजावला की जमीन काढून घेतली जाते, मजुरी बंद होते, वाण्याचे दुकान बंद होते, वाटेवरून जाणे बंद होते. आणि निमित्त तरी केवढे? कोणी सार्वजनिक विहिरीवर गेला, कोणी जमिनीचा तुकडा विकत घेतला, कोणी चांगले कपडे घातले, कोणी नवरदेवाला घोड्यावर बसवून वरात काढली. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हाती आपली भाकरी. तक्रारी का येत नाहीत, याचे इतके स्वच्छ उत्तर सरकारी कागदात क्वचितच मिळते.

‘लेखी द्या’

हे सगळे बलुत्याच्या काळातले झाले, आता शिकल्या-सवरल्या लोकांत असे कुठे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी जळगावच्याच एका मुलीची आठवण काढावी लागते.

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या भागात तडवी भिल्ल समाजाची वस्ती आहे. त्या समाजातली डॉ. पायल तडवी एम.बी.बी.एस. होऊन मे २०१८मध्ये मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला लागली. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. वय अवघे २६. तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली, आरोपपत्र दाखल झाले, पुढे त्यांना जामीनही मिळाला. आरोपांचा न्याय करणे हे न्यायालयाचे काम आहे, त्यात इथे शिरण्याचे कारण नाही. मला दाखवायची आहे ती फक्त तक्रारीची वाट. कुटुंबीयांनी सांगितले, की मुलीला होणारा त्रास आम्ही रुग्णालयात कानावर घातला होता. रुग्णालयाच्या प्रशासनाने त्या वेळी सांगितले, की लेखी तक्रार आमच्याकडे आलेली नव्हती. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

‘लेखी द्या’ हे शब्द ऐकायला किती रास्त वाटतात! पण पदव्युत्तर विद्यार्थिनीने वरिष्ठांविरुद्ध कागदावर सही करायची म्हणजे काय? शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभे राहायला मिळणार की नाही, हे वरिष्ठांच्या मर्जीवर. पाळ्या त्यांच्याच हाती. शिक्षणावर परिणाम होईल या भीतीने ती मागे-पुढे पाहत होती, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. स्टार्ट समितीला १९३०मध्ये दिसलेली गोष्टच ही, फक्त धान्याच्या जागी पदवी आली. आणि नियम नव्हते असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच उच्च शिक्षणाच्या संस्थांसाठी नियम केले होते : समान संधी कक्ष असावा, भेदभावविरोधी अधिकारी असावा, तक्रारीचा निकाल ठराविक मुदतीत लागावा. ते अमलात येत नाहीत हे सांगण्यासाठी २०१९मध्ये पायलची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींना मिळून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. आयोगाने जानेवारी २०२६मध्ये नवे नियम काढले, त्यांवरून देशभर वाद झाला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. वाद कायद्याचा आहे आणि तो न्यायालयात व्हावा. पण नियम कागदावर असून एखादा तक्रार करू धजत नाही तेव्हा चूक फक्त नियमांत शोधून भागत नाही. आपल्या रोजच्या वागण्यातही ती शोधावी लागते.

भरिताचे जेवण

म्हणून आता एका लहानशा संस्थेतली, लहानशीच गोष्ट सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या एका सांस्कृतिक मंडळाचा मी काही वर्षे सहचिटणीस होतो. इतिवृत्त लिहिणे हे माझ्याकडचे काम. मंडळाचा वर्षातला सर्वांत आवडता कार्यक्रम म्हणजे हिवाळ्यातले भरिताचे जेवण. शेतात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, मिरची-लसूण ठेचून भरीत घालायचे, बायकांनी पुऱ्या तळायच्या, पंगती बसायच्या. आचारी नाही, सगळे सभासदांच्या हातचे, याचाच मंडळाला अभिमान.

एका वर्षी दलित समाजातल्या एका शिक्षिका सभासद झाल्या. पहिल्या हिवाळ्यात त्या पदर खोचून चुलीकडे गेल्या तेव्हा एकीने गोड आवाजात सांगितले, ‘ताई, तुम्ही कशाला धुरात बसता? तुम्ही पाहुण्यांचं बघा.’ दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तेच. नव्याने आलेल्या दुसऱ्या एका बाईंना मात्र त्याच दिवशी पिठाच्या परातीपाशी बसवले गेले. तेव्हा ताईंनी कार्यकारिणीला एक पानी पत्र लिहिले. त्यात कोणाचे नाव घेतले नव्हते, आरोप केला नव्हता. दोन वर्षांत काय घडले ते क्रमाने लिहून शेवटी विचारले होते, की मला स्वयंपाकात घेतले जात नाही याचे कारण कळावे.

बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. कोणी म्हणाले, कोणाच्या मनात तसे काही नव्हते. कोणी म्हणाले, इतक्या लहान गोष्टीला पत्र कशाला, तोंडी सांगायचे. कोणी म्हणाले, हे इतिवृत्तात नको, उद्या गावभर होईल. शेवटी एका हुशार सभासदाने तोड काढली : पुढच्या वर्षीपासून आचाऱ्याला कंत्राट द्यावे. म्हणजे सभासदांपैकी कोणीच स्वयंपाकाला नको आणि कोणाला वाईट वाटायलाही नको. सगळ्यांचे चेहरे खुलले. ठराव लिहायला मी लेखणी उचलली तेवढ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक, जे एरवी बैठकीत डोळे मिटून बसत, म्हणाले, ‘म्हणजे बाईंना स्वयंपाकात घ्यायचं नाही म्हणून स्वयंपाकच बंद करायचा, असंच ना? आणि लोक काय म्हणतील? यांच्यामुळे आपल्या हातचं भरीत गेलं!’

खोलीत कोणी बोलेना. अर्ध्या मिनिटाने अध्यक्षांनीच आचाऱ्याचा विषय बाजूला सारला. मग ठरले ते असे. पत्र आल्याची नोंद इतिवृत्तात झाली. तिघांना चौकशीला नेमले, त्यांतले दोघे मंडळाबाहेरचे आणि एक त्याच शहरातल्या दलित समाजातल्या निवृत्त अधिकारी बाई. पंधरा दिवसांची मुदत दिली. तिघांनी प्रथम ताईंना विचारले, की तुम्हाला काय झाले म्हणजे बरे वाटेल. त्यांनी माफी मागितली नाही, कोणाला काढा म्हटले नाही. त्या म्हणाल्या, कामाची यादी आधी लागू द्या, चिठ्ठ्या टाकून लागू द्या, म्हणजे चुलीपाशी कोण हे कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. तसेच झाले. पुढच्या हिवाळ्यात भरीत घोटायला त्यांची चिठ्ठी निघाली.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. त्या वर्षी दोन कुटुंबे ‘बाहेरगावी जायचे आहे’ म्हणून आली नाहीत आणि पुढेही येईनाशी झाली. वर्गणी तेवढी कमी झाली. मंडळाने ती सोसली. याआधीच्या दोन वर्षांची किंमत ताई एकट्या मोजत होत्या, ती या वर्षी मंडळाने मोजली, एवढाच फरक. मला वाटते, न्याय म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच असतो.

कायदा कुठपर्यंत पोचतो

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५चा कायदा आहे, तोच पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्याच्या १९९५च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसून प्रकरणांचा आढावा घ्यायचा असतो. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो जुलै २०१७पासून लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही शिक्षा ठेवल्या. 

जगातही या प्रश्नावर खल झाला आहे. वांशिक भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९६५ सालचा. भारताने तो १९६८मध्ये स्वीकारला. भेदभावाच्या त्याच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्याबरोबर ‘जन्मकुळ’ही आहे. २००२मध्ये या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने म्हटले, की कुळात जातही येते. भारत सरकारची भूमिका अशी, की जात म्हणजे वंश नव्हे. गंमत अशी, की जाती हे वेगवेगळे वंश नाहीत, हे बाबासाहेबांनीही १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’वरील आपल्या निबंधात ठासून सांगितले होते. शब्दांचा वाद विद्वानांनी घालावा. चुलीपाशी उठवलेल्या बाईला तो वंश होता की जात, याने काय फरक पडतो?

आणि कायद्याची धाव तरी कुठवर? ‘तुम्ही पाहुण्यांचं बघा’ हे वाक्य कोणत्या कलमाखाली बसवणार? त्यात शिवी नाही, धमकी नाही, उलट आदर आहे. अशा हजार गोड वाक्यांचा निवाडा पोलीस ठाण्यात होणार नाही. तो जिथे ते बोलले गेले त्या संस्थेतच व्हावा लागतो. मात्र जिथे खरोखर गुन्हा घडला आहे तिथे ‘आपण आपसात मिटवू’ म्हणणे हा त्या माणसावर दुसरा अन्याय होय. ही सीमारेषा संस्थेच्या चालकांनी पक्की ओळखली पाहिजे.

भार कोणी उचलायचा?

या संदर्भात खानदेशचे आणखी एक ऋण आठवते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेथल्या वसतिगृहातल्या मुलांचे तर ते आईच झाले होते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७पासून पंढरपुरात उपोषण आरंभले. सुमारे दहा दिवसांनी ते संपले आणि मंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. मला त्यात मोलाचे वाटते ते हे, की ज्यांना दार बंद होते त्यांनी आणखी किती सोसावे, असे म्हणत न बसता, ज्याला आत जायला कोणीच अडवत नव्हते त्या माणसाने आपला जीव पणाला लावला. सर्वांना उपोषण जमणार नाही. पण बैठकीत डोळे उघडून एक प्रश्न विचारणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

संस्था चालवणाऱ्यांनी चार गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. तक्रार तोंडी आली तरी ऐकणाऱ्याने ती स्वतः लिहून घ्यावी आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवावी, म्हणजे ‘लेखी नव्हते’ हे म्हणायला जागा राहत नाही. ज्याच्याविषयी तक्रार आहे तो, किंवा त्याच्या रोजच्या बैठकीतला माणूस, चौकशीला नसावा. निदान एकजण बाहेरचा असावा. त्याचबरोबर ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याचेही म्हणणे पुरते ऐकावे, कारण घाईने दिलेला दोष टिकत नाही आणि पुढच्या खऱ्या तक्रारीला तोच अडसर होतो. मुदत ठरवावी आणि पाळावी. निकालानंतर सहा महिन्यांनी तक्रार करणाऱ्याची पुन्हा विचारपूस करावी : अजून कार्यक्रमांना बोलावणे येते ना, मुले खेळायला घेतली जातात ना, वाढताना ताट शेवटी येत नाही ना?

हे सगळे करून तडजोडच करायची ठरली तर खुशाल करावी. पण त्यावर सह्या होण्याआधी चाळीसगावच्या स्टेशनवरचा तो तास आठवावा. जिच्यासाठी हे सारे चालले आहे त्या व्यक्तीला आपण विचारले का? उद्या टांग्यात बसणार कोण, आणि लगाम कोणाच्या हाती दिला आहे? या प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील, तर बैठक आणखी थोडी लांबलेली बरी. चहा पुन्हा ठेवता येतो.